विंचवाचे बिऱ्हाड, आयरिश पावसात

जुनी कॅरॅव्हॅन विकत घेऊन, तिची डागडुजी करून, तिच्यातच संसार थाटण्याची कल्पना आयर्लंडमध्ये सामान्यतः दोन कारणांनी सुचते : एक तर डब्लिनमधील घरभाड्याचा आकडा ऐकून, किंवा एखाद्या दुर्मीळ निरभ्र रविवारी अटलांटिकच्या काठी उभे राहून. पहिल्या कारणाला अर्थशास्त्राचा आधार आहे, दुसऱ्याला केवळ त्या रविवारचा. तरीही बहुतेक सौदे दुसऱ्याच कारणाने ठरत असावेत असे मानण्यास जागा आहे, कारण हिशेब मांडून बसणारा मनुष्य या थराला सहसा पोहोचत नाही. कॅरॅव्हॅन म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, मोटारीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर. ज्यात घर आणि इंजिन एकाच कवचात असते ती कॅम्परव्हॅन होय, आणि तिचा विचार येथे कर्तव्य नाही, कारण ती निदान स्वतःच्या चाकांनी गॅरेजपर्यंत जाऊ शकते.

हौसेखातर अशा घरात राहण्याची प्रथा शेजारच्या ब्रिटनमधून आली. नौदलातील निवृत्त शल्यचिकित्सक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी खास बांधून घेतली आणि तीत बसून स्कॉटलंड गाठले, तेव्हा पुढचा रस्ता गाडी जाण्याजोगा आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे धावत असे. निसर्गाच्या सान्निध्यातील साध्या जीवनाला नोकर लागतो, हा सिद्धान्त तेव्हापासून अबाधित आहे. फरक इतकाच की हल्ली ते पद जोडीदाराकडे जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘स्प्राइट’सारख्या स्वस्त, हलक्या कॅरॅव्हॅन आल्या आणि ही चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. जुन्याच्या शोधात निघालेल्या आजच्या ग्राहकाला अमेरिकेतील ‘एअरस्ट्रीम’ची चकचकीत रुपेरी कांती हवी असते, परवडते मात्र त्या काळातील एखादी स्प्राइट, आणि तीही कोणाच्या तरी गोठ्यामागे, चाकांपर्यंत गवतात रुतलेली.

तिच्या जाहिरातीची भाषा स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. ‘थोडे काम बाकी’ याचा अर्थ जमीन राहिलेली नाही, ‘हौशी माणसासाठी उत्तम’ याचा अर्थ भिंतीही राहिलेल्या नाहीत, आणि ‘आतून पूर्ण कोरडी’ याचा अर्थ विक्रेत्याने ती शेवटची मे महिन्यात उघडली होती. या गाडीचा सांगाडा लाकडी असून त्यावर बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि आतून प्लायवूड किंवा हार्डबोर्ड ठोकलेला असतो. पत्र्यांचे जोड ॲल्युमिनियमच्या पट्टीने झाकून ती स्क्रूने आवळतात आणि पट्टीखाली मॅस्टिक, म्हणजे पूर्ण न वाळणारी एक प्रकारची लांबी, भरतात. काही दशकांनी ही लांबी वाळते, तडकते, आणि पाणी स्क्रूच्या वाटेने लाकडात शिरून वरून खाली कुजवीत जाते, मात्र पत्रा बाहेरून शेवटपर्यंत हसतमुख राहतो. ही कुज शोधण्याचे शास्त्रीय साधन म्हणजे लाकडात दोन टोके टोचून ओल दाखविणारे यंत्र, आणि अशास्त्रीय पण अधिक विश्वसनीय साधन म्हणजे अंगठा. अंगठा कोपऱ्यातील कपाटामागे पोहोचण्याच्या नेमक्या क्षणी आयरिश विक्रेता चहाचे आमंत्रण देतो, आणि तो चहा इतका कडक व आग्रह इतका मनापासूनचा असतो की ग्राहक अंगठा काढून घेतो.

ओलीच्या बाबतीत कोकणातून आलेल्या कुटुंबास आपण तयारीने आलो आहोत असे वाटणे स्वाभाविक आहे. कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर आयर्लंडच्या पश्चिम भागात बहुतांश ठिकाणी एक हजार ते चौदाशे. या आकड्यांवरून आयर्लंड कोरडवाहू ठरते. परंतु कोकणातला पाऊस चार महिन्यांत आपला कारभार आटोपतो, तर पश्चिम आयर्लंडला तोच व्यवहार पुरवून पुरवून वर्षातील सुमारे २२५ दिवस चालवावा लागतो. कोकणी माणूस मे महिन्यात शाकारणी करतो, म्हणजे पावसाळ्याआधी छपराची कौले किंवा पेंढा नीट बसवून घेतो. ज्या देशात पावसाळ्याआधी असे काही नसतेच, तेथे शाकारणी केव्हा करावी, या प्रश्नाला कोकणच्या अनुभवात उत्तर नाही. मालवण तालुक्यातील वराडशी नाते असलेले लिओ वराडकर दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तरी या आघाडीवर प्रगती झाल्याचे दिसत नाही. ओल्या पत्र्याला मॅस्टिक धरत नाही आणि ओल्या लाकडावर पत्रा बसवला तर कुज आतच कोंडली जाते, म्हणून अखेर एखाद्या शेतकऱ्याची, गोल पत्र्याच्या छपराची गवताची शेड भाड्याने घ्यावी लागते. घरभाडे टाळण्यासाठी घेतलेल्या घराला अशा रीतीने प्रथम स्वतःसाठी घर भाड्याने लागते.

दुरुस्त कॅरॅव्हॅन रस्त्यावर आणणे हा पुढील टप्पा. वाहने डावीकडून चालतात एवढाच काय तो मराठी चालकाला दिलासा. भारतीय परवाना येथे बदलून मिळत नाही, त्यामुळे पुण्याच्या रहदारीत वीस वर्षे मुरलेला मनुष्यही कायम वास्तव्यासाठी पुन्हा शिकाऊ ठरतो, आणि शिकाऊ चालकाला मोटारीमागे काहीही जोडण्याची मनाई आहे. ते दिव्य पार पडले की साध्या परवान्यावर मोटार आणि तिच्यामागचे ओझे मिळून साडेतीन टनांपर्यंत वजन ओढता येते, वेग मात्र ताशी ८० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. डब्लिनहून गॉलवेकडे जाणाऱ्या महामार्गावर, जेथे इतरांना १२०ची मुभा आहे, तेथे ही मर्यादा पाळणाऱ्यास देशातील जवळजवळ प्रत्येक मालमोटारीचा मागचा भाग तपशीलवार पाहता येतो.

शॅनन नदी ओलांडल्यावर बालिनस्लो लागते. तेथे ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या घोड्यांच्या बाजारात पिंपाच्या आकाराच्या छताच्या, हिरव्या-पिवळ्या-लाल नक्षीच्या घोडागाड्या अजून दिसतात. या गाड्या ट्रॅव्हलर समाजाशी निगडित आहेत. हा आयर्लंडमधील भटका समाज, ज्याची मूळ उपजीविका कथिलकाम, कल्हई आणि घोड्यांचा व्यापार ही होती, म्हणजे महाराष्ट्रात ज्यांची बिऱ्हाडे गावोगाव उतरत त्या घिसाडी लोहारांचा हा लांबचा व्यवसायबंधू. प्लास्टिकच्या बादल्या आल्या, कथिलकाम बसले, घोडागाड्यांची जागा ओढत्या कॅरॅव्हॅननी घेतली. सरकारी आयोगाने १९६३ मध्ये या लोकांना स्थिर वस्तीत सामावून घेण्याचा उपाय सुचविला, आणि २००२ च्या कायद्याने परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर कॅरॅव्हॅन उभी करून राहणे हा फौजदारी गुन्हा ठरविला. स्वतंत्र वांशिक समूह म्हणून त्यांना मान्यता मिळण्यास १ मार्च २०१७ उजाडावे लागले. दरम्यान विकलो आणि मेयो परगण्यांत पर्यटकांना तशाच नक्षीच्या घोडागाड्या आठवड्याच्या भाड्याने मिळत राहिल्या. तीच गाडी पर्यटकाने हाकली तर वारसा ठरते आणि ट्रॅव्हलरने हाकली तर तक्रार, हे आयरिश समाजशास्त्रातील निरीक्षण ग्राहकाला लवकरच स्वानुभवाने पटू लागते : रस्त्याच्या कडेच्या रुंद जागांवर मांडलेले प्रचंड धोंडे आणि समुद्रकिनाऱ्यांवरील वाहनतळांच्या तोंडाशी आडवे लावलेले लोखंडी दांडे ज्यांच्यासाठी बसविले गेले, त्यांत आता आपणही मोडतो, हे त्याच्या ध्यानात येते. स्प्राइट कितीही दुर्मीळ असली तरी दांड्याला त्यातले काही कळत नाही.

गॉलवेच्याही पश्चिमेला, कॉनेमारात, रस्ता बोरीन होतो. बोरीन म्हणजे दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि मधोमध गवताची पट्टी असलेला, एकाच गाडीपुरता ग्रामीण रस्ता. समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी मागे जाणे क्रमप्राप्त असते, आणि कॅरॅव्हॅन मागे नेताना सुकाणू डावीकडे वळवले तर ती उजवीकडे वळते, हा नियम घरी कागदावर समजतो पण बांधाजवळ विसरला जातो. अशा वेळी ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून अभिवादन करतो, काही काळ निसर्ग पाहतो, मग खाली उतरून मोटारीची किल्ली मागतो आणि सारा सरंजाम एका दमात मागे नेऊन शेतात लावून देतो. तेथेच राहिलात तरी चालेल, असे तो म्हणतो. त्याचे चालते, कायद्याचे नाही. नियोजन नियमांनुसार घराच्या आवारात एक कॅरॅव्हॅन वर्षातून नऊ महिन्यांपर्यंत परवानगीवाचून ठेवता येते, मात्र त्या काळात तिच्यात बिऱ्हाड करता येत नाही. म्हणजे ती ठेवण्यासाठी घर लागते, आणि घर असलेल्याने तिच्यात राहू नये अशी व्यवस्था आहे. त्यात २०१५ पासून देशातील प्रत्येक पत्त्याला एअरकोड हा सात अक्षरांकांचा स्वतंत्र संकेतांक मिळाला आहे, जो बँकेपासून दवाखान्यापर्यंत सर्वत्र विचारला जातो. तो पत्त्याला मिळतो, चाकांना नाही. रेशनकार्डावर पत्ता बदलून घेण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या मराठी माणसाला या वळणावर प्रथमच घरच्यासारखे वाटते.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट उरते, ती वारा. जानेवारी २०२५ मधील एओविन वादळात गॉलवे किनाऱ्यावरील मेस हेड येथे ताशी १८० किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले, म्हणजे कॅरॅव्हॅनला रस्त्यावर जी मुभा आहे तिच्या दुपटीहून जास्त. म्हणून अनुभवी मंडळी तिला जमिनीत रोवलेल्या खुंट्यांना पट्ट्यांनी बांधून टाकतात आणि चाके काढून खाली ठोकळे लावतात. भटक्या जीवनाची अशी स्थापना झाल्यावर तिच्यापुढे व्हरांडा, फुलांच्या कुंड्या आणि कालांतराने टपालपेटी येते.

या साऱ्यास एक सन्माननीय अपवाद स्लायगो परगण्यातील एनिस्क्रोन येथे आहे. तेथील एका अंत्यसंस्कार-व्यावसायिकाने चमत्कारिक वाहनांत मुक्काम करण्याचे पर्यटनस्थळ उभारायचे ठरवून शॅनन विमानतळावर पडून असलेले चक्क बोइंग ७६७ विकत घेतले. मे २०१६ मध्ये पंख उतरवलेले ते धूड तराफ्यावर चढवून समुद्रमार्गे किनाऱ्याकिनाऱ्याने आणले गेले आणि पुळणीवर उतरताना पाहायला हजारोंची गर्दी लोटली. रस्त्याने ते आणणे शक्यच नव्हते, त्यामुळे साडेतीन टनांचा प्रश्न उद्भवला नाही, आणि समोरून ट्रॅक्टरही आला नाही.