कोणत्या देशपांड्यांपैकी?

बिटकॉइन गुप्त असतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. खंडणीवाले तोच मागतात, त्या अर्थी असणारच. प्रत्यक्षात ३ जानेवारी २००९ रोजी नोंदींचा पहिला ब्लॉक तयार झाला तेव्हापासूनचा एकूण एक व्यवहार, कुठून कुठे, किती आणि कधी, जगातल्या कुणालाही फुकट वाचता येतो. फक्त तिथे नाव नसतं, अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ असते; तिलाच पत्ता म्हणतात. बँका आणि सरकारं यांच्या नजरेतून सुटायला निघालेल्या मंडळींनी कुणालाच खाडाखोड करता येणार नाही अशी वही बांधली आणि ती सगळ्यांसमोर उघडून ठेवली. याला क्रांती म्हणायची पद्धत आहे.

त्या माळेमागचं नाव शोधणं हा आता रीतसर धंदा झाला आहे. २०१४ साली स्थापन झालेली चेनॅलिसिस ही त्यातली सर्वांत नावाजलेली कंपनी. तिची पद्धत गणिती भाषेत फार भारदस्त वाटते, पण वाड्यातल्या कुठल्याही काकूला ती समजावून सांगावी लागणार नाही. ‘देशपांडे का? कोणत्या देशपांड्यांपैकी?’ एवढ्या भांडवलावर काकू तुमच्या तीन पिढ्या, मोडलेली दोन लग्नं आणि विकलेली शेती बाहेर काढते. इथेही तेच. दोन पत्त्यांनी मिळून एक रक्कम चुकती केली, तर दोघांचा मालक एकच, कारण एका रिक्षातून उतरले म्हणजे एका घरचे. पैसे देऊन उरलेली मोड नव्या पत्त्यावर गेली, तर तोही त्यांच्यातलाच. असा गोतावळा जमला की त्यातला एखादा पत्ता कधी ना कधी बिटकॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजच्या दारात जातो, आणि तिथे तुम्ही आपण होऊन पॅन, आधार आणि सेल्फी दिलेली असते. झालं, काकूला माहेर सापडलं. फरक असेल तर इतकाच, की काकू हे समाजसेवा म्हणून करते आणि कंपनी त्याचं बिल सरकारला पाठवते.

यावर कॉइनजॉइन नावाचा एक उतारा आहे. अनोळखी माणसं मुद्दाम एकाच व्यवहारात आपापले पैसे घालतात, म्हणजे थोडक्यात शेअर रिक्षा. मग काकूचा तर्क लंगडा होतो आणि ती चिडून म्हणते, ‘शेअर रिक्षाने जातात म्हणजे काहीतरी लपवायचं असणार!’

इथवर काकू निदान आपल्या गॅलरीत उभी होती. मार्च २०१५ मध्ये आरोप झाला तो वेगळाच. चेनॅलिसिसने बिटकॉइनच्या जाळ्यात अडीचशेच्या आसपास नोड, म्हणजे व्यवहार पुढे पोचवणारे संगणक, सोडले, साध्या सहभागी नोडचा आव आणून. तुमचं वॉलेट नवा व्यवहार आधी जोडलेल्या नोडच्या कानात सांगतं आणि तिथून तो पुढे पसरतो. सगळ्यात आधी ज्याने ऐकलं, त्याला तुमचा आयपी पत्ता कळण्याची शक्यता मोठी. खुलासा आला की कोणत्या देशातून कोणत्या देशात पैसा जातो याचा अभ्यास चालू होता. म्हणजे दाराला कान लावला खरा, पण प्रबंधासाठी.

उघडी ठेवलेली वही वाचणं आणि शेजारी बनून घरात शिरणं यांत फरक आहे, आणि मला वाटतं सगळा नीतीचा प्रश्न त्या उंबरठ्यावरच आहे. कायदा मात्र उंबरठ्यावर फार रेंगाळत नाही. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २०२० मध्ये सांगून टाकलं, की बिटकॉइनच्या खुल्या नोंदींबाबत खाजगीपणाची अपेक्षा धरता येणार नाही. आधार म्हणून १९७६ चा बँकेच्या कागदपत्रांचा निकाल होता. त्या खटल्यातल्या आरोपीचा गुन्हा मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींशी संबंधित होता, तेव्हा त्याच्याबद्दल कुणाला कणव नाही. पण कायद्याचं माप नेहमी अशाच माणसाच्या अंगावर घेतात आणि सदरा सगळ्या गावाला घालतात.

बिटकॉइनचा माग पुसून देणाऱ्या ‘बिटकॉइन फॉग’ या सेवेच्या वॉशिंग्टनमधल्या खटल्यात तर मौजच झाली. आरोपी पकडला तो बऱ्याच अंशी अशा माग काढण्यावर. चेनॅलिसिसच्या सॉफ्टवेअरचे अंदाज किती वेळा चुकतात, असं बचावपक्षाने विचारलं. अचूकतेचा शास्त्रीय पुरावा आपल्याला ठाऊक नाही, असं कंपनीच्या एका अधिकाऱ्याने सांगितलं. न्यायालयाने तरीही सॉफ्टवेअरने काढलेला माग पुरावा म्हणून चालवून घेतला आणि २०२४ मध्ये आरोपीला साडेबारा वर्षांची शिक्षा झाली. तो दोषी असेलही. पण काकूचं ‘मला तर तसंच वाटलं’ हे वाक्य पंचनाम्यात बसवायचं, तर काकू किती वेळा चुकली हे कुणीतरी मोजायला नको?

आपल्याकडे अशा शंकांना जागाच ठेवलेली नाही. क्रिप्टोला चलन मानायला आपलं सरकार तयार नाही, पण नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा होत नाही, १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे आणि मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आहेत. सून मान्य नाही, पगार मात्र दर महिन्याला सासूच्या हातात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा आला, आणि त्या कायद्याने माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली. आता जो व्यवहार करताच जगजाहीर होतो तो ‘स्वतःहून जाहीर’ धरायचा की नाही, यावर वकिलांची एक पिढी सुखाने जगेल.

राहता राहिले पाहणारे. सिल्क रोड या काळ्या बाजाराच्या तपासात अमेरिकेच्या दोन सरकारी अधिकाऱ्यांनी स्वतःच बिटकॉइन लांबवले. २०१५ मध्ये दोघांना शिक्षा झाली, आणि त्यांना पकडून देण्यात त्या उघड्या वहीचाही हात होता. त्यातल्या एकाने तर पकडला गेल्यावरही आणखी नाणी पळवली आणि दुसऱ्यांदा शिक्षा घेतली.

पुणं मागे राहील कसं? दरमहा दहा टक्क्यांचं गाजर दाखवणाऱ्या ‘गेनबिटकॉइन’ घोटाळ्याच्या तपासात पुणे पोलिसांनी दोन तज्ज्ञ मदतीला घेतले, त्यांतले एक माजी आयपीएस अधिकारी. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधली क्रिप्टो परस्पर वळवली, असा आरोप. शिल्लक कमी दिसावी म्हणून फेरफार केलेले स्क्रीनशॉट पोलिसांना दिले, हाही आरोप. जी नोंद टिंबक्टूतला पोरगा मोबाइलवर फुकट पाहू शकतो, ती तपासाच्या फायलीला स्क्रीनशॉट म्हणून लावलेली होती.