कुणाच्या आईला ए प्लस?

आता सांगायला हरकत नाही, वहिनी. 2020च्या मार्चात शाळांना कुलपं लागली, तेव्हा मुलं घरी बसली असं सगळ्यांना वाटलं. छे! मुलं घरातच होती हो, पण बालवाडी-पहिलीच्या ऑनलाइन वर्गात बसत होत्या त्या आया! त्याही कशा, तर टेबलाखाली, कॅमेऱ्यात न दिसता!

'ग्रीन डे' म्हणजे काय प्रकरण होतं, ऐका. आदल्या रात्री साडेदहाला ग्रुपवर फर्मान: उद्या हिरवे कपडे, हिरवी भाजी, हिरव्या रंगावर चार वाक्यं आणि घोटीव कागदाचा बेडूक. दुकानं बंद, बाहेर पोलीस, आणि ह्यांना बेडूक! एका घरात म्हणे आजींच्या हिरव्या नऊवारीचा फेटा बांधला पोराला. दुसरीकडे ढोबळी मिरची चार दिवस फ्रिजमध्ये राखीव. भाजीत घालाल तर खबरदार, ती प्रोजेक्टची!

सकाळी वर्ग सुरू. कुणाकडे कुकरची शिट्टी, कुणाचे आजोबा बनियनवर पडद्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. "मॅम, शूला जाऊ?" हे तर वर्गातल्या समस्त आईबापांनी ऐकलं! मग बाई सगळ्यांना म्यूट करतात आणि बेडूक सुरू होतो. तेवढ्यात एका चौकटीत डावीकडून बांगड्या घातलेला हात येतो, बेडकाला डोळे चिकटवतो आणि गुपचूप निघून जातो. बाई म्हणतात, "वा, किती छान केलंस, बाळा!" त्यांना काय दिसलं नसेल? पण शेजारच्या खोलीत त्यांचंही लेकरू त्याच वेळी दुसऱ्या कुणा बाईंसमोर बसलेलं. बोलतात कशाला!

त्यात फुकटचं झूम 40 मिनिटांत बंद. बेडूक अर्धाच. मग उरलेल्याचा व्हिडिओ पाठवा. "हसून म्हण. परत म्हण. अरे, माझ्याकडे बघू नकोस!"

आणि खरी गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी जुलैत ऑनलाइन वर्गांसाठी केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' सूचना आल्या. बालवाडीला दिवसाला फार तर 30 मिनिटं, तीही पालकांशी बोलायला, त्यांना समजावून सांगायला. पहिली ते आठवी, 30 ते 45 मिनिटांचे जास्तीत जास्त दोन तास. म्हणजे बघा, बालवाडीत आईचा प्रवेश चक्क सरकारमान्य! उगाच टेबलाखाली पाठ मोडून घेतली.

ह्याहून कहर म्हणजे सह्याद्री वाहिनी. 20 जुलैपासून तिथे 'टिलीमिली' ही मालिका लागायला लागली. पाठ बालभारतीचे, वस्तू घरातल्या, आणि मुलांनी म्हणे आपलं आपण करून बघायचं! घरातला एकुलता एक फोन खिशात घालून बाबा शेतावर गेले तरी अडायचं नाही. ना लिंक, ना हजेरी, ना फोटो. टीव्हीला समोरचं थोडंच दिसतं? बेडूक तीन पायांचा झाला, तरी विचारणारं कोणी नाही. पोरं खुशाल चिखल-कागद घेऊन बसायची आणि आई मोकळी. शोभतं का हे?

आमच्या सोसायटीत नाही हो कुणी लावलं ते. तीन पायांचा बेडूक स्टेटसला ठेवायचा, म्हणजे लोक काय म्हणतील? आईला येत नाही म्हणतील!