पाटसहून पुण्याला बुद्धिबळ खेळायला निघालेल्या नवख्यांसाठी

स्पर्धेत नाव नोंदवलंत ही बातमी गावात फुटू देऊ नका. फुटलीच, तर टपरीवर एखादे तात्या पट मांडायला लावतील आणि तुम्ही राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलंत की मनगट धरतील. "एकच घर!" त्यांचं चुकत नाही. देशी पद्धतीत प्यादं एकेक घरच चालतं, आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते. पुण्यात मात्र राजाला उडवलंत तर पंच समोरच्याला दोन मिनिटं जादा देतील. पुन्हा उडवलंत तर डावच गेला.

आता ओपनिंग. चार चालींत मात शिकवणारा मावसभाऊ प्रत्येक घरात असतो. त्याचं ऐकायचंच असेल तर ऐका. ई४, काळ्याचं ई५. वजीर थेट एच५वर. समोरची सातवीतली मुलगी घोडा सी६वर काढते. उंट सी४वर, डोळा एफ७च्या प्याद्यावर. ती शांतपणे जी६ खेळून वजिराला हुसकावते. वजीर एफ३वर, पुन्हा तीच धमकी. ती दुसरा घोडा एफ६वर ठेवते आणि पाण्याची बाटली उघडते. तुम्ही चिडून जी४. तिचा घोडा डी४वर. मग वजीर गुमान घरी. एवढी पायपीट करून तो निघाला तिथंच, आणि तुमचे घोडे-हत्ती गळिताच्या दिवसांत भीमा कारखान्याच्या काट्यावर खोळंबलेल्या ट्रॅक्टरांसारखे जागच्या जागी.

त्यापेक्षा आधी घोडे काढा, मग उंट, आणि लवकर कॅसलिंग करा. कंटाळवाणं आहे, पण फी भरलीय.

हात लावाल ती सोंगटी खेळावीच लागते. म्हणून विचार करताना दोन्ही हात मांडीखाली. फोन पंचांना विचारून बंद करून पिशवीत. खिशात सापडला तर डावावर पाणी.

बरोबरी मागितली तर नाक मुरडू नका. जुलै 2025 मध्ये बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक घेतला, तेव्हा अंतिम लढतीचे पहिले दोन्ही डाव बरोबरीतच सुटले होते. कोनेरू हम्पी हरल्या त्या टायब्रेकमध्ये. पारावर बसून बघणाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी दोघींना कुस्त्यांच्या फडावर पाठवलं असतं.

हरून आलात तर स्टेशनवर कुणीतरी गाठणारच. म्हणायचं, "ओपनिंग झकास निघालं होतं, पुढं जरा गडबड झाली." ओपनिंग म्हणजे काय, हे विचारायला पाटसात कुणी थांबत नाही, पुढचा प्रश्न असतो, "जेवण होतं का तिथं?"