फुटक्या कपबश्यांची भिंत

अहो, जरा कंपाउंडपाशी या ना. कपडे घाला वाळत, नाही कोण म्हणतंय, पण कान इकडे असू द्या. ऐकलंत का, कोपऱ्यावरच्या वहिनींनी काय केलंय ते? बंब पाहिलात ना? नाही? अय्या, कॉलनीतलं शेंबडं पोरसुद्धा बघून आलं!

अहो, तो त्यांच्या सासूबाईंचा तांब्याचा बंब. घरात गिझर आला तेव्हापासून माळ्यावर पडला होता बिचारा. तो खाली काढला, तांबट आळीत नेऊन पोचे काढून आणले, चिंचेनं घासघासून लख्ख केला. आणि ठेवला कुठे? हॉलमध्ये, सोफ्याच्या बाजूला! बरं, नुसता ठेवला असता तर म्हटलं असतं, आपण नाही का समई ठेवत. पण नाही. खाली जिथे निखारे पडायचे ना, तिथे बल्ब बसवलाय. संध्याकाळी बटण दाबलं की बंब पेटल्यासारखा लालबुंद. सासूबाई देवळातून आल्या, दारातच थबकल्या. म्हणतात कशा, "अगं, या वेळी अंघोळ कोणाची?" मी होते ना तिथे. साखर मागायला गेले होते... जाऊ द्या, तुमच्यापासून काय लपवायचं, बघायलाच गेले होते.

तर काय सांगत होते... हां, छत! भिंती पांढऱ्या ठेवल्या आणि छत केलंय पिवळं. अगदी हळदीसारखं हो. पेंटरनं दोनदा विचारलं म्हणे, "ताई, उलटं तर सांगत नाही ना?" नणंदबाई आल्या, वर बघून म्हणाल्या, "डोक्यावर हळदीकुंकू सांडल्यासारखं वाटतंय." वहिनी पण काही कमी नाहीत. "मग वाण घेऊनच जा," म्हणाल्या. नणंदेचं तोंड असं एवढंसं झालं! चहा अर्धा टाकून उठल्या. आणि वाण कसलं दिलं माहितीय? उरलेल्या पिवळ्या रंगाचा डबा.

मी म्हणते, काय वाईट आहे हो? आमच्या हॉलमध्ये बघा, सात पांढरे घोडे धावतायत. तुमच्याकडेही तेच सात. समोरच्यांकडेही. कोणाच्या घरात बसलोय ते घोड्यांवरून कळेल तर शपथ.

पण खरी गंमत मागच्या अंगणात. धुण्याच्या दगडामागची भिंत आठवतेय ना, शेवाळलेली? तिथे वहिनींनी फुटक्या कपबश्या लावल्यात. हसू नका! आपल्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगला चायना मोझॅक केलंय की नाही, टाइल्सच्या तुकड्यांचं, तेच. गवंडीसुद्धा तोच. फक्त टाइल्सच्या जागी लग्नातला टी-सेट, लोणच्याची बरणी आणि कोणाचा तरी तडकलेला सूप बाऊल. तुकडे गोणपाटात गुंडाळून वहिनींनी स्वतः हातोडीनं फोडले, म्हणजे कपची उडत नाही. मधल्या फटीत पांढरं सिमेंट. आणि ते ओलं आहे तोवरच स्पंजनं पुसायचं बरं का, नाही तर सगळ्या फुलांवर कायमची साय बसते. एका कोपऱ्यात बसलीच आहे, मी पाहिलीय. कपांचे कान मात्र तसेच ठेवलेत, भिंतीतून बाहेर आलेले. एका कानाला चिमट्यांची पिशवी, दुसऱ्याला घासणी!

चौकातल्या काकूंना राहवतंय होय? म्हणाल्या, "फुटकं घरात ठेवलं की लक्ष्मी रुसते." सगळ्या गप्प. तर वहिनी शांतपणे म्हणाल्या, "काकू, चंदीगडला सगळी बागच फुटक्याची आहे." आता ती तर आम्ही सिमल्याच्या टूरमध्ये बघितलीय! रॉक गार्डन हो. नेकचंद म्हणून रस्त्यांवरचे साधे इन्स्पेक्टर. नोकरीची वेळ संपली की फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे, मोडके नळ गोळा करायचे आणि जंगलातल्या सरकारी जागेत गुपचूप बाहुल्या करून मांडायचे. एक नाही, दोन नाही, जवळजवळ १८ वर्षं कोणाला पत्ता नाही! इथे आमच्याकडे नवा पडदा लावला तर तासाभरात गल्लीला कळतं... मग सरकारला सापडलं. आता पाडणार म्हणून सगळे घाबरले, तर १९७६ ला बाग लोकांना खुली झाली, आणि १९८४ ला त्यांना पद्मश्री. हे मीच सांगितलं काकूंना. वहिनींना पद्मश्रीचं माहीत नव्हतं.

काकूंचा चेहरा असा उतरला म्हणता! पण गंमत ऐका, परवा दुपारी सगळे झोपले असताना त्याच काकू पिशवी घेऊन वहिनींच्या मागच्या दारानं आत. पिशवीत काय तर दांडी तुटलेली किटली. कोणाला बोलू नका हं.

आणि हो, तुमची ती निळ्या फुलांची बशी, भाचीनं आपटलेली... टाकलीत का हो कचऱ्यात? नाही ना? मग द्या इकडे. गवंडी रविवारी माझ्याकडे यायचाय.