चार्ज दिला, चार्ज घेतला

आमचे मामा तालुक्याच्या एका कचेरीत अव्वल कारकून होते, आणि नियत वयोमानानुसार अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या वाटेत एक पितळी दौत आडवी आली. ही दौत इंग्रजी अमदानीत केव्हातरी खरेदी झालेली, डेडस्टॉकच्या नोंदवहीत तिचे मूल्य पावणेतीन रुपये म्हणून दाखल असलेले, आणि मामांनी उभ्या नोकरीत तिचे एकदाही दर्शन घेतलेले नव्हते. परंतु ज्या दिवशी त्यांनी त्या टेबलाचा चार्ज घेतला त्या दिवशीच्या यादीत ‘दौत, पितळी, नग एक’ या ओळीसमोर त्यांची सही होती, आणि ज्या दिवशी त्यांनी चार्ज दिला त्या दिवशी तो नग भरत नव्हता. पुढे अकरा महिने अर्ज, स्मरणपत्रे, जबाब आणि खुलासे यांची जी ये-जा झाली तिच्यात खर्ची पडलेल्या सरकारी कागदाच्या किमतीत तशा दोन डझन दौती आल्या असत्या. अखेर पावणेतीन रुपये वसूल होऊन ‘ना-देय’ दाखला मिळाला, तेव्हा कोठे मामांच्या अब्रूवरील तो न सांडलेल्या शाईचा डाग निघाला.

मामा आता नव्वदीच्या पुढे आहेत. दृष्टी अधू झाल्यामुळे ते माझ्याकडून वाचून घेतात, आणि परवा त्यांच्या मनोरंजनार्थ मी त्यांना आधुनिक काळातील एका मातब्बर कारभाऱ्याचे चरित्र सांगावयास घेतले.

संकटात सापडलेल्या कंपन्यांचे संचालक हल्ली बाहेरून एक कारभारी आणवतात. तो येण्यापूर्वीच त्याच्या येण्याचा मोबदला, राहण्याचा मोबदला आणि जाण्याचा मोबदला ठरलेला असतो, व या तीन मोबदल्यांपैकी तिसरा सर्वांत घसघशीत असल्यामुळे त्याने जाण्याची घाई केली तर त्याला दोष देणे न्यायाचे होणार नाही. या वर्गाचे एक उत्कृष्ट उदाहरण म्हणजे कॅनडाचे स्टीफन इलॉप. ते प्रथम ‘बॉस्टन चिकन’ या अमेरिकन उपाहारगृहांच्या कंपनीत माहिती-तंत्रज्ञानाचे प्रमुख होते. 1998 साली त्यांनी ती सोडली आणि त्याच साली त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जानेवारी 2005 मध्ये ते ‘मॅक्रोमीडिया’चे मुख्याधिकारी झाले, एप्रिलमध्ये ती कंपनी 3.4 अब्ज डॉलरला ‘अडोबी’ने घेण्याचे जाहीर झाले. पुढे ‘ज्युनिपर’मध्ये एक वर्ष, ‘मायक्रोसॉफ्ट’मध्ये पावणेतीन वर्षे, आणि सप्टेंबर 2010 मध्ये फिनलंडच्या नोकियाची गादी. त्या गादीवर फिनलंडबाहेरचा मनुष्य बसण्याची ती पहिलीच वेळ.

1865 साली कागदाची गिरणी म्हणून जन्मलेले, मध्यंतरी रबरी बूट आणि तारा विकून जगलेले ते घराणे त्या वेळीही भ्रमणध्वनींच्या संख्येत जगात पहिले होते. आमच्या मामांचा तर नोकियाशी घरोबाच होता. त्यांचा 1100 क्रमांकाचा फोन अद्याप देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात आहे. 2003 साली निघालेल्या या यंत्राच्या माथ्यावर विजेरीचा एक चिमुकला दिवा होता, आणि भारनियमनाच्या दिवसांत मामी ‘सी’ अक्षराची कळ दाबून धरून त्याच्या उजेडात परसदारी जात असे. त्या फोनवर कधी कोणाशी बोलता येते याचा तिला बहुधा विसरच पडला होता.

अशा घराण्याची प्रकृती बिघडली होती ही गोष्ट खरी. 2007 साली आयफोन आला, मागोमाग अँड्रॉइड आले, आणि नोकियाची सिंबियन ही प्रणाली जुन्या वाड्याप्रमाणे एकेक तुळई टाकू लागली. तेव्हा निदान करण्यात इलॉपसाहेब चुकले असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. परंतु निदान रोग्याच्या कानात सांगावे की चावडीवर दवंडी पिटून सांगावे, हाही वैद्यकाचाच एक भाग आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये त्यांनी सेवकवर्गास एक खलिता धाडला, आणि खलित्यांच्या धर्मास अनुसरून तो तत्काळ साऱ्या जगाच्या हाती पडला. त्यात उत्तर समुद्रातील तेलाच्या एका फलाटाची कथा होती. रात्री स्फोट होतो, कामगार जागा होतो, मागे ज्वाला आणि 30 मीटर खाली बर्फासारखे पाणी. तो उडी घेतो व वाचतो. आपलाही फलाट जळत आहे, हे त्या कथेचे तात्पर्य. कथा मोठी हृदयस्पर्शी होती. फक्त उडी कोणी मारावयाची आणि होडीत कोणाची जागा अगोदरच राखलेली आहे, एवढा तपशील तीत राहून गेला होता.

त्याच महिन्याच्या 11 तारखेस लंडनमध्ये जाहीर झाले की यापुढे नोकियाचे स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर चालतील, म्हणजे साहेबांच्या जुन्या धन्याच्या प्रणालीवर. एखाद्या खाणावळवाल्याने दारावर पाटी लावावी की ‘आजची आमटी आंबलेली आहे, ताजी दिवाळीस मिळेल’, आणि मग पंगत का उठली म्हणून अचंबा करीत बसावे, तसे झाले. ताजी आमटी खरोखरच दिवाळीस आली: पहिले ल्युमिया फोन लंडनमध्ये मांडले गेले ते 26 ऑक्टोबर 2011 रोजी, लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी. लक्ष्मी मात्र त्या दिवशी दुसऱ्या घरी गेली असावी. कंपनीच्याच कारागिरांनी घडविलेला आणि जाणकारांनी वाखाणलेला ‘एन 9’ हा फोन त्यापूर्वी तयार होता, पण तो अमेरिका, ब्रिटन, जर्मनी अशा मोठ्या बाजारांत पाठविलाच गेला नाही. पुढे जून 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगून टाकले की विंडोजची नवी आवृत्ती विकल्या गेलेल्या ल्युमियांवर चालणार नाही. ज्यांनी जळत्या फलाटावरून भरवशाने उडी टाकली होती, त्यांना कळले की होडीलाही भोक आहे.

सप्टेंबर 2013 मध्ये फोनचा सारा व्यवसाय 5.44 अब्ज युरोस मायक्रोसॉफ्टला विकण्याचे ठरले. हा गृहस्थ मुळातच धाडलेला हेर होता, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. मला या कटाच्या कथेत रस नाही, कारण जेथे करारनामा पुरतो तेथे कट करण्याची तसदी कोण घेईल? करारान्वये साहेबांच्या निरोपाचा विडा प्रथम 1 कोटी 88 लाख युरोंचा अंदाजण्यात आला, आणि त्यातील 70 टक्के रक्कम खरेदीदाराने सोसावयाची होती. परंतु फोनचा धंदा जाणार या आनंदात नोकियाच्या समभागांचा भाव इतका वधारला की तो विडा प्रत्यक्षात 2 कोटी 42 लाखांचा झाला. घर विकल्याने घराची किंमत वाढावी आणि त्या वाढीचा वाटा घर विकणाऱ्या कारभाऱ्यास मिळावा, हा सिद्धान्त आमच्या कौटिल्यासही सुचला नव्हता.

जुलै 2014 मध्ये साहेबांनी दुसरा खलिता लिहिला. पहिल्यात आग होती, याच्या आरंभी ‘हॅलो देअर’ असा गोडवा होता. पुढे धोरण, दिशा, एकवाक्यता यांचे परिच्छेदामागून परिच्छेद ओलांडल्यावर वाचकास कळत होते की सुमारे 12,500 माणसे कामावरून कमी होणार आहेत. वर्षभराने साहेबांनीही मायक्रोसॉफ्ट सोडली, त्या कंपनीने 7.6 अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले, आणि 2016 साली साध्या फोनचा धंदा 35 कोटी डॉलरला विकला. तोवर साहेब ऑस्ट्रेलियाच्या ‘टेल्स्ट्रा’त तंत्रज्ञान व धोरण पाहू लागले होते, 2018 च्या फेररचनेत तेथूनही ते बाहेर पडले.

मामा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटले, झोप लागली. पण त्यांनी बोट वर केले. “आकडे राहू देत. चार्ज-यादी सांग.”

मी जमेल तशी सांगितली. मुख्य कचेरी, एस्पो येथील, समुद्रकाठची, काचेची, नग एक: डिसेंबर 2012 मध्ये 17 कोटी युरोंस विकून त्याच जागेत भाडेकरू म्हणून वास्तव्य. कारखाना, सालो येथील, नग एक: 2012 साली बंद, आणि त्याच हुकुमात 10,000 माणसे कमी. कारखाना, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथील, नग एक: आयकराच्या तंट्यात अडकल्यामुळे विक्रीत गेलाच नाही, 1 नोव्हेंबर 2014 रोजी थांबला. प्रणाली, सिंबियन: निकालात.

“आणि हा चार्ज घेतला कोणी? घेणाऱ्याने काहीच हरकत नोंदवली नाही?”

“मामा, एप्रिल 2014 मध्ये तो धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला, तेव्हा तेथे त्या खात्याचे प्रमुख म्हणून इलॉपसाहेबांचीच नेमणूक झाली होती.”

“म्हणजे देणारा तोच आणि घेणाराही तोच?”

“तोच.”

मामा बराच वेळ कोनाड्याकडे पाहत राहिले. मग अत्यंत शांतपणे म्हणाले, “आमच्या वेळी असा नियम असता, तर माझी दौत सापडली असती रे.”