दिवाळखोरीच्या वकिलाकडे जाताना: उपनगरवासीयांसाठी पूर्वतयारी

मुहूर्त बघायचं कारण नाही. वसुलीवाल्यांनी तो काढलेलाच असतो. प्रश्न पिशवीत काय भरायचं, एवढाच. काही जण रिकाम्या हाताने जाऊन तासभर नशिबाला शिव्या घालतात. काही जण साडीच्या दुकानाच्या पिशवीत मुलाच्या प्रगतिपुस्तकासकट अख्खं कपाट कोंबून नेतात. वकिलाला दोन्हींचा उपयोग सारखाच. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. पत्ता. आधार कार्ड, वीजबिल, भाडेकरार. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथल्या नादार माणसाला १९०९चा प्रेसिडेन्सी शहरांचा कायदा लागतो आणि अर्ज थेट उच्च न्यायालयात जातो. मुलुंड चेकनाका ओलांडलात की १९२०चा प्रांतिक कायदा आणि ठाण्याचं जिल्हा न्यायालय. ठाण्यात फ्लॅट घेऊन नातेवाइकांना ‘मुलुंडलाच’ सांगणाऱ्यांनी निदान वकिलाला तरी खरं सांगावं. ‘२०१६ची नवी संहिता आली ना?’ असं विचारून छाप पाडायला जाऊ नये. तिचा व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९पासून लागू झालाय, पण कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच. भावोजींच्या कंपनीसाठी कुठे सही केली असेल, तर तो कागद सर्वांत वर ठेवा.

२. पात्रता. स्वतः अर्ज करायला किमान ५०० रुपयांचं देणं लागतं. किराणा दुकानाची वही उघडा. बहुतेक सोसायटी पात्र ठरेल.

३. देण्यांची यादी. गृहकर्जाचं पत्र, क्रेडिट कार्डांची बिलं, सोनेतारणाची पावती, पतपेढीचं पासबुक, मोबाइलवरच्या ॲपने रात्री अकराला ‘मंजूर’ केलेली कर्जं, चेक परत गेल्याच्या नोटिसा. नोटिसांची पाकिटं आधी फोडा; न फोडल्याने रक्कम कमी होत नाही. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही काढा. पण सिबिलला मेव्हणा दिसत नाही. भिशी, ऑफिसातल्या मित्राकडून घेतलेले हातउसने, सासऱ्यांनी ‘राहू द्या’ म्हटलेले दोन लाख हे सगळं लिहायचं. बँकेचा आकडा माणूस खाडकन सांगतो, मेव्हण्याचा सांगताना पाणी मागतो. वकील त्या पाण्याचीच वाट बघत असतो: न्यायालयाला सगळे धनको लागतात, लाज वाटणारे वगळून नव्हे.

४. मालमत्ता. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, विम्याच्या पॉलिसी, बँकांचे खातेउतारे, आणि सात चुलत्यांसह आपलं नाव असलेला गावचा सातबारा. मुंबईत नादार ठरलात की हे ऑफिशियल असाइनी या न्यायालयीन अधिकाऱ्याच्या ताब्यात जातं. कायदा निर्दय मात्र नाही. धंद्याची हत्यारं, कुटुंबाचे कपडे, अंथरुणं, भांडी आणि फर्निचर तो तुमच्याकडेच ठेवतो, सगळं मिळून ३०० रुपयांपर्यंत. १९०९ साली त्यात संसार उभा राहत असेल. आज प्रेशर कुकर ठेवायचा की त्याचं झाकण, हे घरात आधीच ठरवून जावं.

५. शहाणपणाचे कागद. गेल्या वर्षी फ्लॅट बायकोच्या नावे बक्षीसपत्राने केलात? ते बक्षीसपत्र जरूर न्या. दोन वर्षांच्या आत नादार ठरलात तर असं फुकट हस्तांतर असाइनीपुढे टिकत नाही. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत बाकीच्यांना डावलून मेव्हण्याचे तेवढे मुद्दाम फेडलेत, तर तेही उलटू शकतं. ज्याने सुचवलं तो सोसायटीचा सेक्रेटरी वकील नव्हता, एवढंच इथे नोंदवतो.

६. पुढची पथ्यं. नादार ठरल्यावर, मुक्तता मिळेपर्यंत, ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेताना समोरच्याला ‘मी नादार आहे’ असं सांगावं लागतं. नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्टेशनबाहेर मित्रांसाठी वडापाव उधारीवर सांगताना हिशेब ठेवा.

७. फी. ही रोख न्यावी. ‘पुढच्या महिन्यात देतो’ हे वाक्य आजवर बँकेपासून मेव्हण्यापर्यंत सगळीकडे चाललं असेल, कारण प्रत्येकाला फक्त आपलाच आकडा माहीत होता. अख्खी यादी वाचलेला मुंबईतला पहिला माणूस आता तुमच्यासमोर बसलाय.