पाणी म्हणजे आपला विषय

आमच्या वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा अख्खा तालुका असताना समुद्र पाहायला हरिहरेश्वरला का जायचं, हा माझा प्रश्न घरात कोणी ऐकला नाही. माझं मत आणि माझं वजन, यांतलं दुसरंच लोकांना जाणवतं. साडेसातशे किलोमीटर रेल्वे, मग माणगाव, मग एस.टी. आणि घाट. श्रीवर्धन, म्हणजे पेशवे बाळाजी विश्वनाथांचं गाव, मी पोट आवरण्याच्या नादात पाहिलं.

मोहिमेचे सेनापती मामा. हयात पाटबंधारे खात्यात गेलेली, त्यामुळे "पाणी म्हणजे आपला विषय आहे, राजेहो!" आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग प्रदक्षिणा. ही प्रदक्षिणा डोंगराच्या कपारीतून पायऱ्या उतरून समुद्राकाठच्या खडकांवरून जाते. ओहोटी असेल तरच. मामांचे शेजारी आठवड्यापूर्वी इथं येऊन गेलेले. त्यांना साडेदहाला ओहोटी मिळाली, म्हणून आम्हीही साडेदहाला हजर.

"आत्ता नका जाऊ, भरती आहे," कोकम सरबतवाली बाई म्हणाली.

"समुद्र काय रोज टाइम बदलते का?" मामा म्हणाले आणि उतरले.

बदलतो. रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतो. सात दिवसांत जवळजवळ सहा तास. म्हणजे शेजाऱ्यांच्या ओहोटीच्या जागी आमच्या वाट्याला नेमकी भरती. शेवटच्या पायऱ्यांवर पोचतो तोच लाट आली. सांबारवडीचा डबा अरबी समुद्राला अर्पण झाला. मी आडवा. मामीच्या मते लाटेलाच लागलं.

मामांनी मात्र त्या गडबडीत मामीचा हात धरला होता. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत पहिल्यांदाच. लाट ओसरली, आम्ही वर आलो, तरी हात सुटेना. मामी हळूच म्हणाली, "सोडा आता, बांगडी रुतून रायली." मग मान वळवून बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिली.

धोक्याच्या पाटीला टेकून फोटो काढणारी पोरं आम्हाला हसत होती. पाटी वाचायला असते, टेकायला नाही, हे त्यांना सांगायचं होतं. पण निथळत्या माणसाचं कोण ऐकतो?

दुपारी उशिरा प्रदक्षिणा झाली. खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं: उडालेलं खारं पाणी दगडात मुरतं, सुकताना मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटा करतात. बाकी दगड आपलाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आमच्या गिरडच्या टेकडीवर त्याच लाव्ह्याच्या पोकळ्यांत खनिजं साचून जायफळासारखे गोटे झालेत. लोक सांगतात, शेख फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल बाबांनी दगड करून टाकला. मी मामांकडे पाहिलं. आमचा नुसता डबा गेला होता.

रात्री खानावळीत शेजारच्या टेबलावर नागपूरचं कुटुंब. मामा खुर्ची वळवून चंद्र, भरती, पन्नास मिनिटं असं सगळं समजावत होते.

"मग काका, उद्या किती वाजता जायचं?"

मामांनी बोटं मोजली, मामीकडे पाहिलं, पुन्हा मोजली.

"त्या सरबतवाल्या बाईले विचारा."